प्लेट नवी, तरी क्लच स्लिप मारतोय: जुन्या ट्रॅक्टरची तपासणी कुठून सुरू करायची

ऊसतोड सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की गॅरेजात एक ठरलेली तक्रार येते. "मिस्त्री, दिवाळीला नवी प्लेट टाकलीय, आता संक्रांतीलाच परत स्लिप मारतोय. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला बघा." कधीकधी माल खरंच हलका असतो. पण एकाच ट्रॅक्टरची प्लेट वर्षात दुसऱ्यांदा जात असेल, तर माझा पहिला संशय प्लेटवर नसतो. प्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, दोन्ही बाजूंना घर्षणाचं लायनिंग असलेली क्लचची चकती. ती घसरून ताकद पुढे जात नाही, तेव्हा क्लच स्लिप मारतो. ती झिजायचीच असते, त्यासाठीच ती तिथे ठेवलेली आहे. तिला वेळेआधी खाणारं कारण वेगळं असतं आणि मागच्या खेपेला ट्रॅक्टर खोलला तेव्हा ते जागच्या जागी राहून गेलेलं असतं. ते सापडेपर्यंत नवीन प्लेट आणू नका. आणलीच असेल तर खोक्यातून काढू नका, दुकानदार परत घेईल.

खालचं सगळं कोरड्या क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे: महिंद्रा, मॅसी, स्वराज, आयशर, एचएमटी, साधारण 25 ते 45 एचपी. ऑइलात बुडालेल्या क्लचच्या नव्या गाड्यांचं गणित निराळं, त्यात इथलं बरंच लागू होणार नाही.

स्लिप क्लचच मारतोय ना?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण ट्रॅक्टर मधून खोलल्यावर, म्हणजे इंजिन आणि मागचा भाग वेगळा केल्यावर, "क्लच तर चांगला आहे" असं कळणं फार महागात पडतं. ओढ कमी पडण्याची तीन कारणं एकमेकांसारखी दिसतात.

इंजिन कमजोर असेल तर लोड आल्यावर आवाज दबतो, धूर काळा होतो, आरपीएम खाली बसतं. डिझेल फिल्टर चोक, एअर क्लीनर भरलेला, नोझल गेलेले, असं काहीतरी असतं. क्लच स्लिप मारत असेल तर बरोबर उलटं होतं. लोड आला की इंजिनचा आवाज मोकळा होतो, आरपीएम चढतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा आरपीएम मीटर बहुधा बंदच असतो, त्यामुळे कानावरच भरवसा ठेवायचा. तिसरं म्हणजे मागची चाकं जागेवर फिरणं. हे नांगरटीत होतं आणि ड्रायव्हर सीटवरून मागे बघत नसल्यामुळे त्याला कळत नाही. कुणाला तरी बांधावर उभं करून चाकाकडे बघायला सांगा. इंजिन जोरात आणि चाक संथ, म्हणजे क्लच. इंजिन जोरात आणि चाकही जोरात, म्हणजे टायर किंवा माती.

क्लचची चाचणी सोपी आहे. सपाट मोकळी जागा, पुढे-मागे कुणी नाही, ट्रॉली किंवा अवजार सोडलेलं, इंजिन गरम. दोन्ही ब्रेक एकत्र लॉक करून दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटर मध्यमपेक्षा कमी ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. पाय पूर्ण काढूनही इंजिन चालूच राहिलं, तर स्लिप पक्की. ही चाचणी एकदाच करायची. खात्री पटेना म्हणून पाच-सहा वेळा केली, तर उरलीसुरली प्लेट तुम्हीच जाळाल.

स्लिप कधी मारतो, तेही टिपून ठेवा. त्यावरून निम्मं काम होतं. सकाळी थंड असतानाही मारत असेल तर पायडलची चाल संपलेली किंवा प्लेट घासून गेलेली. तासभर काम केल्यावरच मारत असेल तर स्प्रिंगा ढिल्या किंवा लायनिंगला तेल. गाडी उठताना झटके देऊन उठते आणि ओढीला स्लिपही मारते, असं दोन्ही असेल तर तेलच समजून चाला.

पायडलची मोकळी चाल: फुकटातली दुरुस्ती

इंजिन बंद करून पायडल हाताने दाबा. पहिल्यांदा ते सहज, फक्त रिटर्न स्प्रिंगच्या जोरावर खाली जातं आणि मग एके ठिकाणी जड लागतं. त्या जड लागण्यापर्यंतचं अंतर म्हणजे मोकळी चाल. शेजारी फूटपट्टी उभी धरून मोजा. बऱ्याच जुन्या मॉडेलना ती 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास लागते. काही मॉडेलमध्ये माप पायडलपाशी न घेता क्लच ज्यात बसतो त्या हाउसिंगच्या बाहेरच्या लिव्हरपाशी घेतात आणि तिथे ते अगदी थोडं असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर डीलरकडे विचारा, शेजाऱ्याच्या वेगळ्या मॉडेलचा आकडा उसना घेऊ नका.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. प्लेट झिजली की पायडल ढिलं पडेल, चाल वाढेल, असं वाटतं. प्रत्यक्षात चाल कमी होते. प्लेट दोघांमध्ये दाबलेली असते: पुढे इंजिनचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, मागे स्प्रिंगांच्या जोरावर दाबणारी प्रेशर प्लेट. पायडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगर म्हणजे लिव्हरांवर टेकतं आणि प्लेट सुटते. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या फिंगरची टोकं मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. मधली फट संपली की बेअरिंग फिंगरला कायम टेकून बसतं. तुमचा पाय पायडलवर नसतानाही क्लच जरासा दाबलेलाच राहतो. प्लेटवरचा दाब कमी, म्हणून स्लिप. स्लिपमुळे उष्णता, म्हणून अजून झीज. झिजेमुळे चाल अजून कमी. 40 एचपी म्हणजे सुमारे 30 किलोवॉट. पूर्ण ओढीत दहा टक्के जरी स्लिप मारली तरी त्या बंद हाउसिंगमध्ये 3 किलोवॉट उष्णता तयार होत राहते. एवढ्यात लायनिंग किती टिकेल?

आणि हीच चाल लोक स्वतःच्या हाताने संपवतात. गिअर पडताना करकर आवाज येतो, क्लच पूर्ण सोडवत नाही, म्हणून कुणीतरी पायडलपासून क्लचकडे जाणारा रॉड आवळून देतं. करकर थांबते, मालक खूश. पंधरा दिवसांनी गाडी चढावर स्लिप मारायला लागते आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. करकरीचं मूळ दुसरीकडे असतं: फिंगर वरखाली, प्लेट वाकलेली, पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मधोमधचं छोटं बेअरिंग) जाम, लिंकेजच्या पिना झिजलेल्या. रॉड आवळून ते झाकलं जातं आणि त्याचा भुर्दंड प्लेट भरते.

चाल कमी निघाली तर रॉडचा चेक नट सैल करा, स्प्लिट पिन काढून यॉकची (रॉडच्या टोकाच्या काट्याची) पिन ओढा, यॉक एक-दोन आटे फिरवून पुन्हा लावा, मोजा. बरोबर आली की चेक नट कसून घट्ट करा आणि स्प्लिट पिन नवीनच टाका, जुनी सरळ करून वापरू नका. मग वरची चाचणी पुन्हा घ्या. इंजिन बंद पडलं तर तुमचं काम इथेच झालं. मात्र अ‍ॅडजस्टमेंटचे आटे संपले असतील आणि तरी चाल येत नसेल, तर प्लेट संपली आहे.

चाल बरोबर असूनही तोच त्रास असेल, तर पायडल सोडल्यावर पूर्ण वर येतं का ते पाहा. पाय झटकन काढा. पायडल रेंगाळत वर येत असेल किंवा शेवटचा इंचभर हाताने उचलावं लागत असेल, तर शाफ्ट आणि बुश गंजलेत, नाहीतर रिटर्न स्प्रिंग ताणून गेली आहे. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे, जिथे भातखाचरात चिखलणी चालते, तिथे हा त्रास जास्त. चिखल शाफ्टमध्ये जातो, वाळतो, पुढच्या हंगामापर्यंत शाफ्ट धरून बसतो. तिथलं ग्रीस निपल बहुधा चिखलाखाली गाडलेलं असतं, अनेकांना ते आहे हेच माहीत नसतं. शाफ्ट काढून पॉलिशपेपर मारा, बुश बदला, ग्रीस भरा. आणि फूटबोर्डवर टाकलेली रबरी मॅट किंवा पोतं पायडलखाली अडकत नाही ना, तेही बघा. हसू नका, असा ट्रॅक्टर येऊन गेलाय.

हाउसिंगच्या पोटातलं भोक

पुन्हापुन्हा प्लेट जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे तेल. आणि तेल आहे की नाही हे कळायला काहीही खोलावं लागत नाही. क्लच हाउसिंगच्या तळाला एक लहान भोक असतं, त्यात बहुधा स्प्लिट पिन लोंबत असते. पिन हलती राहिली की भोक बुजत नाही, एवढ्याचसाठी ती असते. आत गळलेलं तेल तिथून बाहेर पडावं, हा त्या भोकाचा उद्देश. जुन्या ट्रॅक्टरमध्ये मात्र तिथे लायनिंगची भुकटी, तेल आणि माती यांचा काळा मळ थापलेला असतो, पिन गायब असते आणि तेल आतच साठून फ्लायव्हीलबरोबर सगळीकडे उडतं. चिखलणीच्या आधी पाणी आत जाऊ नये म्हणून काही जण या भोकाला बूच मारतात. ते ठीकच, पण चिखलणी संपल्यावर बूच काढायचं राहतं.

तारेने भोक साफ करा. खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून ट्रॅक्टर थोडा वेळ चालू ठेवा, मग रात्रभर उभा करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर बोटाने चोळून बघा. काळं, पातळ, धुराचा वास असलेलं तेल इंजिनचं. जाड, पिवळसर-तपकिरी, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. ज्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला एकच तेल चालतं, तिथे ते तितकं जाड नसतं, पण इंजिन ऑइलसारखं काळंही नसतं. पाणी गेलं असेल तर दुधाळ दिसतं.

इंजिनचं तेल निघालं की सगळे थेट क्रँकच्या मागच्या सीलवर येतात. थांबा. आधी इंजिनचा मागचा भाग बाहेरून डिझेलने धुऊन कोरडा करा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल तर तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत हाउसिंगच्या जोडातून आत शिरतं आणि खाली येतं. शंभर-दीडशे रुपयांच्या पॅकिंगसाठी ट्रॅक्टर खोलणारे मी पाहिलेत. तसंच ट्रॅक्टर खोललाच, तर फ्लायव्हील उतरवून कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचं झाकणही बघा. तेही गळतं आणि फ्लायव्हीलच्या आड दिसत नाही.

सील बदललं आणि काही महिन्यांत परत गळलं, असं असेल तर सीलवर राग काढू नका. इंजिन चालू ठेवून तेल टाकायचं झाकण उघडा. तिथून भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, किंवा ब्रीदर (इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी) चोक आहे. क्रँककेसमधला दाब बाहेर जायला वाट मिळाली नाही की तो सीलमधून वाट काढतो. ब्रीदरचा पाइप आणि जाळी काढून डिझेलमध्ये धुवायची, काम अर्ध्या तासाचं. त्याशिवाय सील जिथे घासतं तिथे क्रँकवर खाच पडलेली असते. नखाला लागली तर नवीन सील त्या खाचेवर बसवून उपयोग नाही. ते किंचित पुढेमागे बसवावं लागतं किंवा क्रँकवर स्लीव्ह चढवावी लागते. मेन बेअरिंग झिजून क्रँक हलत असेल तर कुठलंच सील टिकणार नाही, मग इंजिनचंच काम काढायला हवं. काही जुन्या तीन सिलिंडर इंजिनांत मागे रबरी सील नसून दोन अर्ध्या कड्यांत बसवलेली दोरी असते. ती बसवायला सवयीचा हात लागतो: दोरी खाचेत गोल दांड्याने दाबून बसवायची, टोकं ठरलेल्या मापाइतकीच बाहेर ठेवायची, वर ग्रॅफाइट ग्रीस किंवा तेल. घाईत कापलेली दोरी पहिल्याच दिवशी गळते.

गिअरबॉक्सच्या बाजूने तेल येत असेल तर इनपुट शाफ्टचं सील बदलायचंच, पण तेलाची पातळीही पाहा. टिपिंग ट्रॉलीचा पाइप जोडून ट्रॉली वर असताना डिपस्टिक बघितली तर तेल कमी दिसतं. मालक वरून भरतो. ट्रॉली खाली आली की ते सगळं तेल परत येतं आणि गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरतो. पातळी नेहमी ट्रॉली खाली असताना, ट्रॅक्टर सपाटीवर असताना बघायची.

तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकता येते का, हे प्रत्येक जण विचारतो. नाही. लायनिंग तेल पितं ते वड्यासारखं. कागदावर दाबलं तर वरचं टिपलं जातं, आतलं आतच राहतं. थंड असताना प्लेट कोरडी ठणठणीत दिसते आणि गरम झाली की पुन्हा पाझरते. भोकातून आत पेट्रोल मारण्याचा इलाज तर कुणी सांगितला तरी करू नका. बंद हाउसिंग, पेट्रोलची वाफ आणि जवळच स्टार्टर. आग लागायला आणखी काय लागतं?

डबल क्लच असेल तर

मॅसीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आणि इतरही काही ट्रॅक्टरमध्ये दोन प्लेटा असतात. पायडल अर्धं दाबलं की गाडी थांबते, पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे मागची यंत्रं फिरवणारा शाफ्ट. इथे तपास सोपा होतो. ट्रॉली ओढताना स्लिप मारतो पण मळणी यंत्र व्यवस्थित चालतं, म्हणजे गिअरबॉक्सची प्लेट. ट्रॉली नीट ओढतो आणि रोटाव्हेटर जमिनीत टेकवला की पीटीओ मरतो, म्हणजे पीटीओची प्लेट. दोन्ही एकदम गेलं तर तेल किंवा पायडलची चाल, हे पहिले संशयित. यात फिंगरचं सेटिंग दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळं करावं लागतं आणि अंदाजाने ते जमत नाही. गेज नसलेल्या गॅरेजात डबल क्लच खोलायला देऊ नका, एवढंच सांगेन.

खोललाच, तर काय बघायचं

वरचं सगळं करूनही स्लिप राहिली तर ट्रॅक्टर मधून खोलायला लागतो. हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्या. तरीही मालकाने शेजारी उभं राहावं, कारण प्लेट का गेली ते फक्त त्याच दिवशी दिसतं. खोलण्याआधी पुढचा अ‍ॅक्सल आणि त्याचा ब्रॅकेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकलेल्या हव्यात. अ‍ॅक्सल मधल्या पिनवर झुलतो. पाचर नसेल तर मागचा भाग वेगळा होताच इंजिन कलंडतं. दोन्ही अर्ध्यांना खाली भक्कम घोडे हवेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर ट्रॅक्टर असेल तर स्वतः खाली जाऊ नका आणि पोराटोरांनाही जवळ येऊ देऊ नका.

आतली भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुफ्फुसात गेलेली परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

मग प्लेट हातात घ्या. लायनिंग काळं, चकचकीत, काचेसारखं असेल तर ती घासत राहिली, म्हणजे दाब कमी पडला. कडेपासून मध्यापर्यंत ओलसर पट्टे असतील तर तेल. आतल्या बाजूने आलं की बाहेरच्या, त्यावरून सील ओळखता येतं. एकाच बाजूला जास्त झीज असेल तर फिंगर वरखाली. रिबिटच्या डोक्यावर अर्धा मिलिमीटरही लायनिंग उरलं नसेल तर प्लेट संपली, आणि रिबिट टेकून गेले असतील तर फ्लायव्हीलवर गोल चरे पडलेले दिसतील.

फ्लायव्हीलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण पुन्हा येणाऱ्या स्लिपचं एक चोर कारण इथे लपलेलं असतं. स्टीलची पट्टी आडवी धरून खाली उजेड दिसतो का बघा. निळे-जांभळे डाग म्हणजे तिथे खूप ताप झाला. केसासारखे बारीक तडे वरवरचे असतील तर लेथवर जातात, खोल असतील तर फ्लायव्हील बदला. आता खरी गोष्ट. बऱ्याच फ्लायव्हीलना पायरी असते. प्लेट घासते तो भाग एका पातळीवर आणि प्रेशर प्लेट बोल्टने बसते तो कडेचा भाग दुसऱ्या पातळीवर. लेथवाला चरे घालवायला घासणारा भाग एक मिलिमीटर कापतो आणि कडेची पायरी तशीच सोडतो. दिसायला फ्लायव्हील नवंकोरं. पण आता प्लेट एक मिलिमीटर आत गेली आणि प्रेशर प्लेट जागेवरच राहिली, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग तेवढीच कमी दाबली जाणार. नवी प्लेट, नवी स्प्रिंग, तरी दाब कमी. ट्रॅक्टर रिकामा चालवला तर काहीच जाणवत नाही, उसाची खेप लावली की स्लिप. "सगळं नवीन टाकलंय" म्हणणाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये मी हे आधी मोजतो. इलाज सरळ आहे: एका भागावर जेवढं कापलं तेवढंच दुसऱ्यावरही कापायचं, म्हणजे पायरीचं माप मूळ होतं तेवढंच राहतं. लेथवर पाठवण्याआधी पायरी डेप्थ गेजने मोजून फ्लायव्हीलवर खडूने लिहून द्या, म्हणजे नंतर वाद नको.

प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा सगळ्या काढून काचेच्या तुकड्यावर एका रांगेत उभ्या करा, शेजारी नवी स्प्रिंग. बुटकी कोणती ते डोळ्यांना दिसतं. निळी पडलेली स्प्रिंग तापून मेलेली असते, उंची बरोबर भरली तरी घेऊ नका. आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम, निवडून दोन-तीन नाहीत. बाजारात रंग मारून विकलेल्या जुन्या प्रेशर प्लेटा मिळतात. त्यांची रंगाखालची स्प्रिंग निळी आहे का, हे खरवडून बघायला कुणी हरकत घेतली तर दुकान बदला.

बसवताना: प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. प्लेट मधोमध धरणारा डमी शाफ्ट लावूनच बोल्ट आवळा, समोरासमोरचे, थोडे थोडे. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस फक्त पुसल्यासारखं, कारण जास्तीचं उडून थेट लायनिंगवर जातं. तिन्ही फिंगरची उंची एकसारखी आणि मॅन्युअलच्या मापाला हवी. जोडताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटच्या हबवर लोंबकळू देऊ नका, हब वाकला की नवीन प्लेट पहिल्या दिवसापासून झटके देते. पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग चांगली दिसली तरी बदला. खोलण्याच्या मजुरीपुढे त्यांची किंमत काहीच नाही.

सगळं ठीक आहे, तरी जातोच

मग गाडीतून उतरून ड्रायव्हर आणि कामाकडे बघायचं. इथे मालक लोकांना राग येतो, पण बोलल्याशिवाय इलाज नाही.

इंजिनच्या फ्युएल पंपाचं डिझेल वाढवून घेतलंय का? ओढ वाढावी म्हणून पंपवाला सील तोडून डिझेल वाढवतो. इंजिन जोर जास्त करतं, पण क्लच कंपनीने दिलेल्याच ताकदीचा राहतो. टायरमध्ये पाणी भरलं, पुढे वजनं लावली, की चाक सरकायचं बंद होतं. हे नांगरटीला चांगलंच, पण आधी जो जास्तीचा लोड चाक सरकून निघून जायचा, तो आता सगळा क्लचवर येतो. कमजोर क्लच तेव्हाच उघडा पडतो, आणि लोकांना वाटतं पाणी भरल्यामुळे बिघडला.

ऊस वाहतुकीत तर क्लच कुठे मरतो हे ठरलेलं आहे: चढावर नाही, कारखान्याच्या रांगेत. गव्हाणीपुढे (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेपुढे) रात्रभर रांग असते, गाडी दोन-दोन फूट पुढे घ्यायची असते आणि मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. ड्रायव्हर दर वेळी गिअर काढून ब्रेक लावायचा कंटाळा करतो. अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो, पुढची गाडी हलली की सोडतो. अशी एक रात्र प्लेटला नांगरटीच्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जड जाते. रांगेत लो गिअर, पाय पायडलवरून बाजूला फूटबोर्डवर, थांबलं की न्यूट्रल आणि हँडब्रेक. उतारावर उभं राहायचं असेल तर चाकाखाली दगड. रोटाव्हेटरला पण तेच: कोपऱ्यावर वळताना अवजार उचलून मग वळा, जमिनीत असताना क्लच दाबून-सोडून वळवू नका.

नवी प्लेट टाकल्यावर पहिले काही तास हलकं काम द्या, कोळपणी, रिकामी ट्रॉली. लायनिंग फ्लायव्हीलला नीट बसायला तेवढा वेळ लागतो. आणि त्या काळात मोकळी चाल पुन्हा एकदा मोजा, कारण नवी प्लेट सुरुवातीला लवकर बसते आणि चाल कमी होते. गॅरेजवाला हे सांगत नाही, कारण दुसऱ्यांदा पाना लावायचे पैसे त्याला कोण देणार.

वाटेतच स्लिप मारायला लागला तर

जळका वास आला की ओढणं थांबवा. ट्रॅक्टर सपाटीला, रस्त्याच्या कडेला घ्या, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, रात्र असेल तर मागे काहीतरी चमकणारं ठेवा. क्लच थंड होऊ द्या, पाणी मारू नका, तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जातो. थंड झाल्यावर पायडलची चाल तपासा. शून्य असेल तर रॉडचे दोन आटे सोडल्यावर बऱ्याचदा घरापर्यंत निभतं. चाल असूनही स्लिप मारत असेल तर ट्रॉली तिथेच सोडा, कुणाला तरी राखणीला बसवा आणि नुसतं हेड (ट्रॉलीविना ट्रॅक्टर) खालच्या गिअरमध्ये, कमी अ‍ॅक्सिलरेटरवर घरी आणा. भरलेल्या ट्रॉलीसह "गाव तर दोन किलोमीटरवर आहे" म्हणून जे निघतात, त्यांचा प्लेटचा खर्च फ्लायव्हीलवर जातो. ट्रॉली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून आणा, डिझेल भरून द्या.